घोरपड चढावर का थांबते

सोमवार, ४ मार्च

एकाच यंत्रावर अनेक घरं चालवणाऱ्या, आणि ते यंत्र नेमकं आपल्याच पाळीला बंद पडतं हे सोसत आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

ही डायरी आहे, सभा नव्हे, हे मला कळतं. पण उभं आयुष्य कारखान्याच्या फाटकाबाहेर स्टुलावर चढून बोलण्यात गेलं. समोर चार डोकी दिसल्याशिवाय मला वाक्य सुचत नाही. तेव्हा डोकी आहेत असं धरून लिहिते. आज बोलायला गेले असते तर तोंडून शिव्याच आल्या असत्या, म्हणून लिहिते.

आमची वस्ती टेकाडाच्या आत. घरून निघालं की आधी उतार, मग ओहळ, मग टेकाडाचा खडा चढ, आणि तो पार केला की पलीकडे डांबरी रस्ता. या वाटेला रस्ता म्हणणं हा रस्त्यांचा अपमान आहे. जीप येत नाही. म्हणून सगळ्या घरांनी मिळून एक एटीव्ही घेतली: चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे बसायला गादी आणि सामानाला लोखंडी जाळी. सिलिंडर, पिठाची पोती, तापाने फणफणलेली माणसं, सगळं तिच्यावरूनच जातं-येतं. प्रत्येक घराला आठवड्यातला एक वार. सोमवार आमचा. माझी थोरली बहीण अक्का तिला घोरपड म्हणते, कारण ती नखं रोवल्यासारखी चढते. म्हणजे चढायची.

अक्काचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता दर सोमवारी तिला दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागतं. ही वाट पायी चालणं तिला या जन्मी शक्य नाही. घोरपड नसेल तर अक्का या घरात राहू शकत नाही. मामला इतका सरळ आहे.

आज ओहळ ओलांडला, चढाला लागलो, दुसरं वळण घेतलं आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग पॅनेलवरचे दिवे गेले आणि सगळं शांत. बटण दाबलं की आतून फक्त टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. माझं डोकं तापलं.

"मी उतरू का?" अक्का मागून म्हणाली.

"उतरून काय करणार आहेस?"

"काही नाही. तू आता बोलायला लागणार. उभं राहून ऐकलेलं बरं, मान अवघडत नाही."

उन्हात बसून राहिलो. बऱ्याच वेळाने सहज बटण दाबलं तर गाडी सुरू. जणू काही झालंच नव्हतं. खाली फिटरच्या दुकानापर्यंत एकदाही कुरकुरली नाही. त्याने ती दुकानासमोर फिरवली, रेस दिली, ब्रेक मारले.

"मॅडम, माझ्यासमोर तर शहाण्यासारखी चालते."

"चढावर बंद पडली."

"मग चढावर मला बोलवायचं."

हा माणूस विनोद करत होता की सल्ला देत होता, मला कळलं नाही. बॅटरी कमजोर असेल म्हणाला, बदलली. वर म्हणाला, "एवढी चकाचक गाडी माझ्याकडे दुसरी येत नाही. लोक चिखलासकट आणून उभ्या करतात."

तेवढीच काय ती आजच्या दिवसातली चांगली गोष्ट.


रविवार, १० मार्च

रविवार नवाबाचा. हा शेळ्या पाळतो. ऊन डोक्यावर आल्याशिवाय अंथरूण सोडत नाही, म्हणून नवाब. दुपारी घोरपड घेऊन गेला, चाऱ्याची पोती लादून टेकाड ओलांडून संध्याकाळी परत आला. गाडी एकदाही थांबली नाही. आणि शेडमध्ये लावली ती कानापर्यंत चिखलाने माखलेली.

आता इथे नियम सांगायला हवा, कारण नियम माझा आहे. पाळी संपली की गाडी पंपाने धुवून शेडमध्ये लावायची. वस्तीचा सामायिक रहाट, सामायिक शिडी, सामायिक वजनकाटा कसे कसे मेले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, ही या वस्तीला लागलेली जुनी बुरशी. म्हणून गाडी आली त्या दिवशीच मी ठराव मांडला. 'यंत्राला हात लावण्याचा हक्क त्यालाच, जो त्याचा मळ काढतो,' या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. गोठे धुवायचा जोरदार फवाऱ्याचा पंप आम्ही त्यासाठी शेडमध्ये आणून बसवला. तो असा मारा करतो की सुकलेला चिखलसुद्धा खवल्यासारखा निघून येतो.

सगळे पाळतात. संध्याकाळी आले की धुतात, रात्रभर गाडी शेडमध्ये. एक हा सोडून.

"नवाब, गाडी धुतली नाहीस."

"उद्या पुन्हा मळणारच की, बाई."

"उद्या पुन्हा भूकही लागणार. मग आज जेवू नकोस."

"जेवण आयतं मिळतं म्हणून जेवतो. धुणंही आयतं मिळतं, म्हणून ठेवतो."

आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला पक्कं ठाऊक आहे की सोमवार माझा, आणि तसली घाण गाडी मी धुतल्याशिवाय बाहेर काढणार नाही.


सोमवार, ११ मार्च

उजाडताच गेले आणि धुतली. नुसती धुतली नाही, तिचा उद्धार केला. नळी चाकांच्या आत, सीटखाली, इंजिनच्या सगळ्या खाचाखोचांत घातली. पाणी निथळत असतानाच अक्काला बसवलं, निघालो.

चढ. दुसरं वळण. खोकला. टक्.

नवीन बॅटरी आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

दवाखान्यातली बाई म्हणाली, उशीर झाला, आता पुढच्या सोमवारी या. अक्का म्हणाली, "चला, व्यायाम न करताच दमायला झालं."


मंगळवार, १२ मार्च

फिटरला मी धमकावून, टेकाड ओलांडायला लावून वस्तीवर आणलं. पायी. तो धापा टाकत पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. घोरपड शेडबाहेर उन्हात उभी. बटण दाबलं, सुरू.

"बघा," तो म्हणाला.

"काय बघा? तुम्ही आलात म्हणून सुरू झाली. तुम्ही पाठ फिरवलीत की बंद पडेल. मी असले मुकादम पाहिले आहेत. साहेब आला की हात चालतो."

त्याने प्लग काढला, बदलला. खोबणीत थोडा गंज दिसला. "ओहळातून नेता ना, त्याचा आहे," म्हणाला. मग प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली, कारण मी त्याच्याकडे तसं बघत होते. तारांचे जोड तपासा म्हटलं तर म्हणाला, "चालू गाडीचे जोड उघडू नयेत मॅडम, नसती दुखणी मागे लागतात."

जाताना अक्काने त्याला चहा दिला. तो तिला म्हणाला, "आजी, गाडीला तुमच्या बहिणीचा आवाज सहन होत नसेल."

अक्का म्हणाली, "मला इतकी वर्षं झाली, मी बंद पडले का?"

दोघं हसले. माझ्या दारात, माझ्या कपातून चहा पीत.

संध्याकाळी भाच्याचा फोन. अक्काचा मुलगा शहरात असतो. सहाव्या मजल्यावर घर, लिफ्ट, दवाखाना रस्त्यापलीकडे. त्याला कोणीतरी चढावरच्या गोष्टी सांगितल्या आहेत.

"मावशी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला बंद गाडीवर डोंगरात बसवून ठेवायचं, हा काय प्रकार आहे?"

मी त्याला सांगितलं की हा प्रकार नाही, प्रश्न आहे, आणि प्रश्नांपासून पळून सहाव्या मजल्यावर चढणाऱ्यांनी तो विचारू नये. त्याने फोन आईला द्या म्हटलं. दिला. अक्का नुसतं 'हं, हं' करत होती. तिला हे घर सोडवणार नाही. मी तिला ओळखते.


शनिवार, १६ मार्च

ओढ्यावरून येणारी पाण्याची लाइन बुधवारीच वरच्या बाजूला फुटली. पिण्यापुरतं पाणी हंड्यांनी आणतो. धुणी-भांडी हिशेबाने. गाडी धुणं बंद. शेडमध्ये उभी आहे ती घोरपड नव्हे, मातीचा ढीग आहे. तिच्याकडे बघवत नाही.


सोमवार, १८ मार्च

आज गेलो आणि आलो. एकदाही थांबली नाही. चढ असा चढली की अक्का मागून म्हणाली, "हळू गं, मला पोहोचायचंय, सुटायचं नाही."

म्हणजे कॉइल होती. मी दबाव आणला म्हणून त्याने बदलली, नाहीतर हा माणूस वर्षभर 'माझ्यासमोर चालते' म्हणत बसला असता. लोकांनी मागणी लावून धरली पाहिजे, ती तांत्रिक असली तरी. यावर कधीतरी बोललं पाहिजे.

शनिवारची पाळी असलेल्या मास्तरांनी सांगितलं की त्यांनाही परवा एकदाही त्रास झाला नाही. नाहीतर त्यांच्या पाळीला सकाळी सकाळी दोन-चार झटके द्यायची.


शनिवार, २३ मार्च

लाइन जोडली. सगळ्या वस्तीने अंग मोडून खड्डा खणला, नवाबसुद्धा आला होता, फावडं टेकून उभा राहायला. पाणी आलं तसा पहिला पंप सुरू झाला तो घोरपडीवर. मी स्वतः उभी राहून धुवून घेतली. आठवडाभराचा मळ खाली वाहून गेला तेव्हा मला सणसणीत भाषण संपवल्यासारखं वाटलं.


सोमवार, २५ मार्च

अक्काला निजवून लिहायला बसले.

काल नवाबाने पुन्हा तीच घाण करून ठेवली. आज पहाटे मी पुन्हा धुतली. निघालो. चढावर खोकली, आणि या वेळी दुसऱ्या वळणाच्या वर, जिथे वाट सगळ्यांत उभी आहे तिथे, एकदम बंद. इंजिन गेलं आणि गाडी मागे सरकली. मी ब्रेक दाबला पण ओल्या मातीत टायर धरेना. हातभर सरकली असेल, नाहीतर दोन हात. मागचं चाक एका दगडाला टेकलं आणि थांबली.

 अक्काने माझ्या कमरेला हात घातला होता तो इतका घट्ट झाला की अजून दुखतंय.

"उतरू?" तिने विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

दवाखाना राहिलाच. वाटेवरून जाणाऱ्या दोघांनी घरून खुर्ची आणली आणि तिला तीत बसवून घरी उचलून आणलं. बातमी आमच्या आधी शहरात पोहोचली. भाचा रविवारी, ७ एप्रिलला येतो म्हणाला. त्याच दिवशी वस्तीची सभा आहे, आणि त्या सभेपुढे रस्त्याकडच्या गेस्ट हाउसवाल्याचा अर्ज आहे: घोरपड त्याला विकावी, त्याच्या पाहुण्यांना मोकळ्या मैदानात फिरायला. आजवर कोणी त्याच्या बाजूने बोलत नव्हतं. आज संध्याकाळी मास्तरही म्हणाले, "बाई, मैदानावर तरी कोणी मागे सरकून मरणार नाही."

अक्काने शाली उन्हात टाकल्या, घडी घातल्या, एका पेटीत भरल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "कसर लागली असती." तिच्या कुंड्याही तिने शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवल्यात. तिकडे ऊन चांगलं येतं म्हणे.


गुरुवार, २८ मार्च

विचार केला, आणि पद्धतशीर केला. इतिहास वाचलेल्या माणसाने असल्या प्रसंगी एकच प्रश्न विचारायचा असतो: फायदा कोणाचा?

गाडी माझ्या हातात बंद पडते. मास्तरांच्या हातात झटके देते. एका माणसाच्या हातात ती आजवर कधीच, एकदाही थांबलेली नाही. नवाब. आणि ती बंद पडते कधी? त्याच्या पाळीनंतर, लगेच. तोच माणूस नियम पाळत नाही. त्याच माणसाने मागे म्हटलं होतं की घोरपड विकून दोन खेचरं घ्यावीत, खेचरांना पंप लागत नाही.

गेले त्याच्या गोठ्यात. तो खाटेवर, शेळी त्याच्या उशाचा कोपरा चघळते आहे.

"तुझ्या हातात गाडी कधीच बंद पडत नाही. का?"

"मी तिला त्रास देत नाही म्हणून."

"आणि आम्ही देतो?"

"तुम्ही सगळ्यांनाच देता, बाई. गाडीने काय घोडं मारलंय, तिला वगळायला?"

"सीटखाली काही करून ठेवतोस का? एखादी तार, फ्यूज?"

आता मात्र तो उठून बसला. इतक्या वर्षांत मी त्याला असा ताठ बसलेला पाहिला नव्हता. "अक्का बसते त्या गाडीवर," म्हणाला. "माझ्या आईला अक्काने शेवटी पाणी पाजलं. तुम्ही आता जा."

गेले. पण ढोंग कसं करतात ते मला ठाऊक आहे. भाषण तयार केलं आहे. सभेत उभी राहीन आणि सांगेन की यंत्र बिघडलेलं नाही, शिस्त बिघडली आहे. न धुणाऱ्याची पाळी काढून घ्या, गाडी विकू नका. वाचून दाखवलं तेव्हा अक्का वाटाणे सोलत होती.

"चांगलं आहे," म्हणाली. "पण यात गाडी कुठे आहे?"


सोमवार, १ एप्रिल

लिहिताना लाज वाटत नाही, वैताग वाटतो. वैताग इतका की दुपारी दोनदा घराबाहेर जाऊन आले.

आज अक्काला नेलं नाही. मी एकटी जाणार होते, तिची औषधं आणायला आणि गाडी पुन्हा फिटरला दाखवायला. पहाटे धुतली. रविवारनंतरची घाण होतीच, आणि फिटरच्या दारी अस्वच्छ गाडी मी नेणार नाही. चढाला लागले. खोकला. पॅनेल गेलं. टक्. दगडावर बसले आणि फिटरला फोन लावला.

"चढावर आहे. तुम्हीच म्हणाला होतात चढावर बोलवा म्हणून."

"मी येईपर्यंत ती सुरू होईल, मॅडम. तिथेच बघा. प्लगची जाड काळी तार दिसते? तिच्या टोकाची रबरी कॅप ओढून काढा. ठिणगी येते का बघू."

ओढली. निघेना. पुन्हा ओढली. 'पच्' असा आवाज झाला, आणि कॅपमधून पाणी माझ्या तळहातावर पडलं. खाली प्लगच्या खोबणीत पाहिलं तर तिथे अजून पाणी. शाईची दौत भरावी तसं भरलेलं, आणि चढावर गाडी कलल्यामुळे एका बाजूला जमलेलं.

"पाणी आहे," मी म्हणाले.

"कुठे?"

"सगळीकडे."

"ओहळ खोल होता का?"

ओहळ घोट्याएवढा असतो. त्याचं पाणी तिथवर उडत नाही. तिथवर पोहोचायला कोणीतरी नळी आत घालावी लागते. आणि वस्तीतली माणसं नळी घालतात, कारण त्यांना तसं सांगितलं आहे, कारण एका बाईने टाळ्या घेऊन ठराव पास करून घेतला आहे.

सीट उचलली. तारा एकमेकींना जिथे मिळतात ते प्लॅस्टिकचे जोड, फिटर त्यांना कपलर म्हणतो, त्यातला एक नखाने उघडला. आतल्या पिना हिरव्या. तांब्याच्या जुन्या भांड्याला चढतो तसा हिरवा थर, आणि तो ओला. पॅनेलचे दिवे का जातात, बटण नुसतं टक् का करतं, ते तिथे होतं.

म्हणून नवाबाच्या हातात ती थांबत नाही. तो दुपारी उठतो, तोवर गाडी वाळलेली असते. म्हणून मास्तरांना फक्त झटके, संध्याकाळी धुतलेली गाडी सकाळपर्यंत अर्धी सुकते. म्हणून लाइन फुटली त्या आठवड्यात ती हरणासारखी पळाली. म्हणून फिटरसमोर चालते, कारण त्याच्याकडे पोहोचेपर्यंत इंजिनाच्या आणि उन्हाच्या उष्णतेने सगळं उडून गेलेलं असतं. आणि म्हणून ती सोमवारी बंद पडते. सोमवारी ती पहाटे धुतली जाते. सीटखालून, खाचाखोचांतून, निथळेपर्यंत. इतकी मन लावून तिला दुसरं कोणी धूत नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. पण संन्यासी निदान काहीतरी तप करतो. हा मनुष्य नुसता झोपला होता आणि बरोबर ठरला. आता आळसाला तत्त्वज्ञान मिळणार. ते मी ऐकायचं.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "नियम सगळ्यांच्या घरी पोहोचवायला तुला किती दिवस लागले होते?"

"एक संध्याकाळ."

"मग परत आणायलाही एक पुरेल."


बुधवार, ३ एप्रिल

पुरली नाही. घरोघर जाऊन सांगितलं की धुवू नका. लोक म्हणतात, बाई, धुवायचं की नाही ते एकदा ठरवा. मास्तरांच्या बायकोने तर दारातूनच सुनावलं, "मागच्या वर्षी तुम्हीच माझ्या नवऱ्याला भर सभेत अस्वच्छ म्हणाला होतात. आता धुतो तर तेही चुकलं." काल संध्याकाळी सवयीने पंप सुरूच होत होता. मी पंपाचं तोंड काढून आणलं. आता ते माझ्या स्वयंपाकघरात झाऱ्याशेजारी लटकलं आहे.

नवाबाकडेही गेले. म्हटलं, मी बोलले ते चुकीचं होतं. तो म्हणाला, "बसा." बसले. शेळीने माझी पिशवी खाल्ली. त्याने शेळीला हाकललं नाही. बरोबरी झाली असं समजून उठले.


रविवार, ७ एप्रिल

सभा शेडमध्येच झाली. मध्यभागी घोरपड, चिखलाने माखलेली, आरोपीसारखी. तिला तसं चारचौघांत उभी केलेली पाहून माझ्या अंगावर काटा येत होता. भाचा मागे खांबाला टेकून उभा. अक्का पुढे खुर्चीत. गेस्ट हाउसवाला इस्त्रीचा शर्ट घालून.

मी ठराव मांडला: पंपाने धुण्याचा नियम रद्द करावा.

"हा नियम तुमचाच ना, बाई?" कोणीतरी विचारलं.

"माझाच. म्हणून तो मोडायचा पहिला हक्क माझा." मग मी कॅप काढून दाखवली, कपलर उघडून दाखवला, हिरवी पीन त्यांच्या नाकाखाली धरली. जे यंत्र आपण प्रेमाने बुडवलं ते आपण विकायला निघालो आहोत, असं म्हटलं. बोलले बरं. पण टाळ्या पडल्या नाहीत. या लोकांनी बॅटरी ऐकली होती, कॉइल ऐकली होती, आणि काहींच्या कानावर नवाबाची गोष्टही गेली होती. दर वेळी मी तितक्याच खात्रीने बोलले होते.

"मग आता चालेल?" मास्तरांनी विचारलं.

"चालेल."

"शंभर टक्के?"

आणि नेमकं तेव्हा कोणीतरी चावी फिरवली. पॅनेल लागलं, फडफडलं, विझलं, पुन्हा लागलं. सगळ्यांनी पाहिलं. पाणी वाळलं आहे, पण हिरवा थर आतच आहे. एक कपलर मी उघडला. असे आणखी पुष्कळ आहेत, हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत.

गेस्ट हाउसवाला म्हणाला, "मी आहे त्या स्थितीत घेतो." तेव्हा नवाब उठला. मला वाटलं, आता हा माझा हिशेब चुकता करणार. तो म्हणाला, "मला वेगळं काही बोलायचं नाही. पुढच्या सभेपर्यंत ठेवा. तोवर एकदा जरी चढावर थांबली तर विका. एवढ्या दिवसांत ती कुठे पळून जात नाही." आणि बसला. मास्तरांनी तो ठराव म्हणून लिहून घेतला. हात वर झाले. माझ्या एवढ्या भाषणापेक्षा त्याच्या जांभईत वजन होतं, हे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

सभेनंतर भाचा पेट्या उचलायला आला. त्याने गाडी पलीकडे रस्त्यावर लावली होती. अक्का म्हणाली, पुढच्या सभेपर्यंत थांबते.

"आई, सगळं ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं."

"मग?"

"मी आले तर तुझी मावशी एकटी पडेल रे. ती दिवसभर बोलते. कोणीतरी ऐकायला लागतं."

मी आत होते, पण भिंती पातळ आहेत. ही अर्थात सबब. मुलाला वाईट वाटू नये म्हणून अक्का माझं नाव पुढे करते. खरं हे की तिला तिचं घर, तिच्या कुंड्या सोडवत नाहीत. मी एकटी अगदी व्यवस्थित राहू शकते. दोन कप चहा एकदम टाकायची सवय मोडावी लागेल, एवढंच. भाचा गेला तेव्हा मी त्याला टेकाडापर्यंत पोहोचवायला गेले आणि काही बोलले नाही. तो दोनदा वळून बघत होता.


सोमवार, ८ एप्रिल

दवाखान्यात गेलो, आलो. इंजिन खोकलं नाही. पॅनेल दोनदा विझलं, दोनदा लागलं. चढावर अक्काचा हात माझ्या कमरेला होता आणि वर पोहोचेपर्यंत सैल झाला नाही. तिला अजून विश्वास नाही. मलाही नाही.

फिटरशी बोलणं झालं. प्लगची नवीन कॅप आणि कपलरमध्ये भरायचं ग्रीस घेऊन तो उद्या येतो. पण प्रत्येक जोड उघडायचा, पिना ब्रशने घासायच्या, वाळवायच्या, ग्रीस भरायचं आणि पुन्हा बसवायचा, हे एकट्यादुकट्याचं काम नाही. फिटर म्हणतो, मी दाखवतो, हात तुम्ही आणा. शेडच्या दारावर लावायचा मजकूर इथे आधी लिहून बघते.

घोरपडीच्या मालकांनो, म्हणजे सगळ्यांनो. गाडी चढावर थांबली तर ती विकायची, हे आपण ठरवलं आहे आणि मला मान्य आहे. ती थांबू नये म्हणून काय करायचं, ते मी आता भाषणात सांगणार नाही. माझ्या घरात एक म्हातारी बाई चढावर माझी कंबर धरून बसते, आणि पुढच्या सभेनंतर ती इथे असेल की सहाव्या मजल्यावर, ते त्या हिरव्या पिनांवर आहे. तेव्हा उद्या सकाळी, ऊन शेडमध्ये आलं की, प्रत्येक घरातून एकाने या. नवाब, तूही ये, आणि त्या दिवसापुरता लवकर ऊठ. मी प्रत्येकाच्या हातात एक जोड देईन. तो उघडा, घासा, वाळवा, आणि पुन्हा बसवल्याशिवाय घरी जाऊ नका.